बाळंतीण गॅलरीचं दार उघडू देत नाहीये, कुणाला दाखवावं? (ठाणे)

उपवनकाठची | १२ मे, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसती वाचतेय इथे, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

प्रश्न माझ्या धाकट्या जावेचा आहे. घोडबंदर रोडला एकाच सोसायटीत राहतो आम्ही, विंग वेगळी, ती चौदाव्या मजल्यावर. पहिलं बाळ, मुलगी, साडेतीन महिन्यांची. बाळंतपण माहेरी झालं, सिझर, आणि तीन आठवड्यांपूर्वी इकडे आली. बाळ गुटगुटीत, लसी वेळेवर, घर चकाचक, वरवर बघणाऱ्याला काही म्हणजे काही खटकणार नाही.

पण आल्या दिवसापासून हॉलच्या गॅलरीचं सरकतं दार तिने बंद ठेवलंय. ऐन मे महिन्यात. कपडे बेडरूममध्ये स्टँडवर वाळतात. दिरांनी एकदा दार उघडलं तर ही बाळाला घेऊन बाथरूममध्ये जाऊन बसली. सगळे हसले, पहिलटकरीण आहे, फार जपते. मीही हसले. गेल्या मंगळवारी डबा द्यायला गेले तर घरात ती आणि बाळच होतं. तिने बाळ माझ्या हातात दिलं, ओढणी आणली आणि दाराचं हँडल शेजारच्या खिडकीच्या ग्रीलला बांधायला लागली. गाठीवर गाठ, गाठीवर गाठ. मग म्हणाली, "ताई, इथे कुलूप बसवून चावी तुमच्याकडे ठेवाल का? माझ्याकडे नको." मी म्हटलं का गं, तर कितीतरी वेळ गप्प. मग म्हणाली, "मीच तिला खाली टाकतेय असं सारखं डोळ्यासमोर येतं. मला तसं नाही करायचंय ताई. शप्पत सांगते नाही करायचंय. कुणाला सांगू नका, बाळ काढून घेतील माझ्याकडून."

माझे हातपाय गार पडले. दिरांना अर्धवट सांगितलंय, सासूबाईंना अजिबात नाही. रात्री ती दिवा लावून बसते, बाळाच्या छातीवर हात ठेवून श्वास बघत.

हे काय आहे? गायनॅककडे न्यायचं की सरळ सायकियाट्रिस्टकडे? अंगावर पाजतेय, गोळ्या चालतात का? आणि तोवर तिला एकटीला ठेवू का? जे माहीत असेल ते लिहा प्लीज.

कोपरीकर | रात्री ११:५२

आत्ताच्या आत्ता एवढंच करा, ती आणि बाळ दोघंच घरात राहतील असा वेळ ठेवू नका. बाकी जाणकार सांगतीलच.

सीवूड्स_सखी | १३ मे, सकाळी ७:१५

वाचून झोप उडाली. ताई, तिने तुम्हाला सांगितलं ना, अर्धी लढाई तिनेच लढलीये. तुम्ही आता मागे हटू नका. आणि गॅलरीला जाळी मारून घ्या लगेच, कबुतरांसाठी मारतात ती, एका दिवसात काम होतं.

नौपाड्याची_माई | सकाळी ८:०५

माझं वय ७४. तीन बाळंतपणं झाली, तिन्ही माहेरी. शेक, शेगडी, धुरी, सव्वा महिना खोलीबाहेर पाऊल नाही. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशोपा. घरात सतरा माणसं, कुणी ना कुणी बाळ घ्यायला असायचंच. उदास व्हायला वेळ कुठे होता? आता फ्लॅटमध्ये मुलगी दिवसभर एकटी भिंतींकडे बघत बसते, आणि मोबाइलवर नको नको ते वाचते. तिच्या आईला बोलावून घ्या महिनाभर, ठीक होईल. डॉक्टरकडे नेऊन मुलीच्या कपाळी शिक्का मारू नका एवढंच म्हणणं.

नेरूळ_पूर्व | सकाळी ९:३०

माई, आदर ठेवून लिहितेय पण पटलं नाही. माझी आई होती माझ्याजवळ, महिना नाही, तीन महिने होती. लाडू होते, शेक होता. तरी मी संपत चालले होते.

सहाव्या आठवड्याला तपासणीला गेले. हॉस्पिटलचं नाव लिहीत नाही. टाके बघितले, बीपी बघितलं, तांबीबद्दल विचारलं, बाळाचं वजन विचारलं, दूध पुरतंय का विचारलं. उठताना मला रडू फुटलं तर म्हणाले, होतं सगळ्यांना, संध्याकाळी फिरायला जात जा. मी फिरायला गेले हो. वाशीच्या सागर विहारला जाऊन खाडीकडे बघत उभी राहिले आणि मला काय काय वाटलं ते मी आजही नवऱ्याला सांगितलेलं नाही. त्यानंतर चार महिन्यांनी योग्य डॉक्टर भेटले. ते चार महिने माझ्या मुलाचे मला आठवतच नाहीत. पालथा कधी पडला, हसला कधी, फोटो बघून सांगते मी.

शिक्का वगैरे काही बसत नाही माई. बसला असता तरी चालला असता.

वाशीचा_डॉक्टर | सकाळी १०:२०

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. न बघता निदान करणार नाही पण उपवनकाठची यांच्या पोस्टमध्ये एक गोष्ट महत्त्वाची आहे म्हणून लगेच लिहितो.

नको असलेलं, भयंकर चित्र डोळ्यासमोर येणं आणि त्याची आईलाच किळस, भीती वाटणं, त्यापासून बाळाला वाचवायला तिने जिवाचा आटापिटा करणं, हे आम्ही बाळंतपणानंतरच्या ओसीडीत, म्हणजे नको ते विचार पुन्हा पुन्हा येत राहण्याच्या आजारात बघतो, बऱ्याचदा डिप्रेशनही जोडीला असतं. असे विचार पुष्कळ नव्या आयांना ओझरते येऊन जातात, कुणी बोलत नाही. ओसीडीत ते चिकटून बसतात. हे विचार येतात म्हणजे ती तसं करणार असं अजिबात नाही, उलट तिचं सगळं वागणं बाळाला जपण्याचं आहे.

दुसरं चित्र पूर्ण वेगळं असतं. आईला ते विचार पटायला लागतात, बाळात काहीतरी शिरलंय वाटतं, आवाज ऐकू येतात, दोन-दोन रात्री झोप नाही तरी थकवा नाही, बोलणं भरकटतं. हा सायकोसिस. हजार बाळंतपणांत एखाद-दोघींना होतो, बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होतो, आधी बायपोलर (मन कधी फार चढं, कधी फार उदास होण्याचा आजार) असेल तर धोका फार वाढतो. तिथे थांबायचं नाही, त्याच दिवशी हॉस्पिटल.

हा फरक घरच्यांनी करायचा नाही, डॉक्टरने करायचा. म्हणून सरळ सायकियाट्रिस्टकडे न्या, दोन-तीन दिवसांत. गायनॅकला कळवा, पण त्यांच्यासाठी थांबू नका. तोवर कुणीतरी सोबत राहा, पण पहारा दिल्यासारखं नको. आणि स्वतःचा जीव नकोसा होतो का हे तिला स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मोकळं व्हायला होतं. उत्तर हो आलं तर दोन-तीन दिवसही थांबू नका.

रात्री-अपरात्री काही वाटलं तर १४४१६ लावा, टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलतात.

ऐरोली_नाईट_शिफ्ट | दुपारी १:४५

एक बाप म्हणून लिहितो. आमच्याकडे मला नाही कळलं, बायकोच्या आईला नाही कळलं, कळलं मालिशवाल्या मावशींना. एक दिवस जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाल्या, साहेब, ताई रोज मालिश करताना रडतात, दुखतं म्हणून नाही, मी हात थांबवला तरी पाणी येतच असतं. मी त्याच रात्री शिफ्ट टाकून घरी थांबलो आणि पहिल्यांदा बघितलं की ही रात्रभर जागीच असते. बाळ झोपलेलं असतानाही. मी रोज सकाळी आठला येऊन झोपायचो, मला माहीतच नव्हतं.

गोळ्या सुरू झाल्या, सातव्या महिन्यात तिने पहिल्यांदा स्वतःहून भांडण काढलं माझ्याशी, पंख्यावरची धूळ पुसली नाही म्हणून. इतका आनंद मला अप्रेझलचाही झाला नव्हता.

सीवूड्स_सखी | दुपारी १:५८

पंखा पुसला का मग?

ऐरोली_नाईट_शिफ्ट | दुपारी २:०३

दर रविवारी पुसतो.

पाचपाखाडी_पल्लवी | दुपारी २:३०

ताई, एक विचारू? मुलगी झाली म्हणून घरात कुणी काही बोलतंय का? राग मानू नका, आमच्याकडे तेच झालं होतं. दुसरी मुलगी, आणि बारशाला आलेली प्रत्येक बाई 'असू दे हं' म्हणून गेली. असू दे म्हणजे काय? मी काय कप फोडला होता?

उपवनकाठची | दुपारी ३:१०

नाही हो पल्लवी, सासूबाईंनी सोसायटीभर जिलेबी वाटली, त्यांना नातच हवी होती. त्या वाईट नाहीत, धास्तावतील एवढंच. सगळ्यांचे आभार. डॉक्टर, तुमचं उत्तर चार वेळा वाचलं. दिरांना आज ऑफिसमधून आल्यावर सगळं सांगणार आहे.

आकडे_आणि_माणसं | दुपारी ४:४०

पल्लवी यांचा मुद्दा हवेतला नाही. गोव्यातल्या एका जिल्हा रुग्णालयात बाळंत झालेल्या २५२ बायकांचा अभ्यास २००२ साली प्रसिद्ध झाला. सहा ते आठ आठवड्यांनी तपासलं तर २३ टक्के बायकांना डिप्रेशन होतं. पैशाची ओढाताण, नवऱ्याची मारहाण, मुलगा हवा असताना मुलगी होणं, हे सगळं त्याच्याशी जोडलेलं निघालं. २०१७ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये भारतातल्या अनेक अभ्यासांची एकत्र मांडणी आली, तिथेही साधारण २२ टक्के. म्हणजे बारशाच्या हॉलमध्ये पाच बाळंतिणी धरा, त्यातली एक.

तीन_हात_नाका | संध्याकाळी ६:००

थोडं अवांतर, पण सांगायलाच हवं. जन्म ठाण्यातला. लहानपणी सुट्टीत मामाकडे गेलो की गल्लीतली पोरं विचारायची, ठाण्याहून आलास? सोडलं का तुला? अख्ख्या महाराष्ट्रात कुणी जरा वेगळं वागलं की 'ठाण्याला पाठवा'. आमचं गाव म्हणजे वेड्यांचं हॉस्पिटल, बस. १९०१ सालचं हॉस्पिटल आहे ते.

माझ्या बहिणीला बाळंतपणानंतर त्रास झाला तेव्हा आई सगळं करायला तयार होती, पण त्या गेटातून आत जायला तयार नव्हती. कुणी बघितलं तर? शेवटी बहीणच म्हणाली, बघू दे. आत ओपीडी आहे, आपल्यासारखीच माणसं रांगेत, केसपेपर काढायचा, डॉक्टर बघतात, गोळ्या घेऊन दुपारी घरी. परत येताना दोघी गोखले रोडला पियुष पिऊन आल्या. आई अजून सांगते ते, पियुष प्यायलो म्हणून. इतक्या साध्या गोष्टीसाठी आम्ही अडीच महिने घालवले होते.

कोपरीकर | संध्याकाळी ६:१०

आता तर ठाणे आणि मुलुंडच्या मधलं नवीन स्टेशन त्याच हॉस्पिटलच्या जागेत होतंय. मग काय, सगळ्यांनाच ठाण्याला उतरावं लागणार :)

दिघ्याची_आशा | रात्री ९:१५

मी आशा वर्कर आहे, बाळंतपणानंतर घरी जातो आम्ही, ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. बाळाचं वजन, ताप, नाळ, दूध ओढतं का, सगळं बघतो. आईचं पण विचारतो, रक्तस्राव किती, ताप आहे का. आमच्या फॉर्मवर एक प्रश्न असा आहे की आई असंबद्ध बोलते का, झटके येतात का. पण जी बाई काही बोलतच नाही ती कुठल्या रकान्यात लिहायची?

परवाचीच गोष्ट आहे, एका खोलीत गेले तर बाळ मस्त, साडेतीन किलो. आई कोपऱ्यात पदर लावून बसली होती आणि तिच्यासमोर चहाचा कप, वर साय धरलेली, सकाळचा होता आणि मी दुपारी गेले होते. सासू म्हणाली लाजते. मी फॉर्मवर लिहिलं, आई ठीक. तेव्हापासून तो कप डोक्यातून जात नाहीये. डॉक्टर साहेब, आमच्यासारख्यांनी काय विचारायचं सांगा, एक-दोन वाक्यात, फार मोठं नको, घरात माणसं असतात.

वाशीचा_डॉक्टर | रात्री १०:३०

आशाताई, फार मोलाचं विचारलंत. दोन प्रश्न पुरे. गेल्या महिन्याभरात सारखं उदास, हताश वाटत होतं का? आणि पूर्वी ज्यात मन रमायचं त्यात आता रमत नाही असं झालंय का? एकाचंही उत्तर हो आलं तर तिला पुढे पाठवा. विचारताना सासूला बाळाचे कपडे आणायला सांगा, म्हणजे दोन मिनिटं मिळतात.

दवाखान्यांसाठी एडिंबरा म्हणून दहा प्रश्नांचा तक्ता आहे, १९८७ पासून जगभर वापरतात, मराठीतही आहे. मागच्या सात दिवसांबद्दल विचारतात, प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण ३०. दहा-तेराच्या पुढे गुण गेले की नीट तपासायचं. त्याने निदान होत नाही, पण कुणाकडे लक्ष द्यायचं ते कळतं. पाच मिनिटं लागतात. टाके बघायलाही तेवढीच लागतात.

अजून एक, बाळंत झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून रडू येणं, चिडचिड, हे निम्म्याहून जास्त बायकांना होतं आणि दोन आठवड्यांत आपोआप निवळतं. नाही निवळलं तर तो नुसता हळवेपणा समजू नका.

अबोली | रात्री ११:२०

मला इथे लिहावं की नाही कळत नव्हतं. माझं बाळ नवव्या महिन्यात पोटातच गेलं. तिसऱ्या दिवशी मला दूध आलं. ब्लाऊज ओला व्हायचा आणि आत्या म्हणायच्या, त्याचा विचार करू नकोस, लवकर दुसरं होईल. घरातले बाळाचे कपडे मी हॉस्पिटलमधून यायच्या आत कुणीतरी देऊन टाकले होते, मला एक टोपडं हवं होतं फक्त. माझ्याकडे आशाताई आल्याच नाहीत, बाळ नव्हतं ना. म्हणून म्हटलं लिहून ठेवावं, बाळ नसलेली पण बाळंतीण असते.

दिघ्याची_आशा | रात्री ११:२८

ताई, मी आले असते.

नेरूळ_पूर्व | रात्री ११:३५

अबोली, बाळाचं नाव ठरवलं होतंस का? सांगावंसं वाटलं तर सांग, नाही तर राहू दे.

अबोली | रात्री ११:५०

हो. पहिल्यांदाच कुणीतरी विचारलं. तुला मेसेज करते.

माहेरी_नको | १४ मे, सकाळी ८:४०

सगळे माहेर माहेर करतायत म्हणून लिहिते. माझ्या माहेरी खिडक्या बंद, डोक्याला फडकं, केस धुवायचे नाहीत, पुस्तक नाही, फोन नाही, डोळे जातात म्हणे. आणि दूध कमी येतं म्हणून येणारी-जाणारी प्रत्येक जण छातीकडे बघून उपाय सांगणार. मला सासरी बरं वाटलं, सासरे रोज सकाळी बाळाला दोन तास घ्यायचे, मी झोपायचे. त्यामुळे आईला बोलवा म्हणण्याआधी तिला विचारा ना, तुला कोण हवंय.

वकील_बेलापूर | सकाळी १०:००

'बाळ काढून घेतील' या भीतीबद्दल, कारण माझ्याकडे येणाऱ्या बायकाही हेच विचारतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आहे, २०१८ पासून लागू. त्याच्या कलम २१ मध्ये लिहिलंय की आई उपचारासाठी दाखल असेल आणि मूल तीन वर्षांहून लहान असेल तर त्यांना सहसा वेगळं करायचं नाही. बाळाला खरंच धोका आहे असं डॉक्टरांचं मत झालं तरच, आणि तेही तात्पुरतं, दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा, आणि तेव्हाही आईला देखरेखीखाली बाळाला भेटू द्यायचं. हे दाखल झालेल्या आईचं झालं, तुमची जाऊ तर नुसती ओपीडीत दाखवायला जाणार. तिला हे कलम वाचून दाखवा.

त्याच कलमात विमा कंपन्यांनी शारीरिक आजाराप्रमाणेच मानसिक आजारालाही विमा द्यायचा असंही आहे. क्लेम नाकारला तर लेखी कारण मागा.

वाशीचा_डॉक्टर | सकाळी ११:१५

वकीलसाहेबांना अनुमोदन. बंगळुरूच्या निम्हान्स या मोठ्या मानसोपचार संस्थेत आई आणि बाळ एकत्र दाखल होतात असा वेगळा वॉर्ड आहे. असे वॉर्ड आपल्याकडे इतके कमी का आहेत, हा प्रश्न मला रोज पडतो. आईला दाखल करायची वेळ आली की घरचे पहिलं विचारतात, बाळाला दूध कोण पाजणार, आणि माझ्याकडे चांगलं उत्तर नसतं.

गोळ्यांचं राहिलं होतं. अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या आहेत. उदाहरणार्थ सर्ट्रालिन, दुधात अगदी थोडं उतरतं, वर्षानुवर्षांचा अनुभव आहे. पण हे वाचून मेडिकलमधून आणायचं नाही. आणि उलटंही ऐका, काही औषधं गरोदरपणात नकोतच, फिट्स, बायपोलरसाठी देतात त्या व्हॅल्प्रोएटने बाळाच्या मणक्यात, मेंदूत व्यंग येऊ शकतं. म्हणून आधीपासून कुठलंही औषध चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच बोला. राहिले असतील तर घाबरून स्वतःच्या मनाने गोळी तोडू नका, त्याच दिवशी फोन करा. थायरॉईडही तपासा, बाळंतपणानंतर तो बिघडू शकतो आणि थकवा, उदासी तशीच दिसते. हिमोग्लोबिन बघा.

नौपाड्याची_माई | दुपारी ४:३०

काल मी जे लिहिलं त्यावर रात्रभर विचार केला. सतरा माणसांच्या घरात उदास व्हायला वेळ नव्हता असं लिहिलं मी. पण मग मला धाकट्या काकू आठवल्या. मी सात-आठ वर्षांची असेन. बाळंत झाल्या आणि दहा-बारा दिवसांत रात्री अंगणात उठून फिरायला लागल्या, कुणाशी तरी बोलायच्या, बाळ माझं नाही म्हणायच्या. बाळंतवात झाला म्हणायचे सगळे. मांत्रिक आणला. मग त्यांना त्यांच्या माहेरी सोडून आले. बाळ आमच्याकडेच राहिलं, तो माझा चुलतभाऊ. काकू परत कधीच आल्या नाहीत, आणि कुणी आणायला गेलं नाही. घरात त्यांचं नाव काढायचं नाही असं होतं, त्यामुळे माझ्याही डोक्यातून पुसलं गेलं होतं. म्हणजे तेव्हाही होतंच ना हे. नाव होतं, औषध नव्हतं, आणि दयाही नव्हती.

उपवनकाठची, मुलीला डॉक्टरकडे घेऊन जा. लाडू हवे असतील तर मी करून देते, नौपाड्यात येऊन घेऊन जा.

नेरूळ_पूर्व | दुपारी ४:५०

माई __/\__

घणसोली_घर | रात्री ८:२०

मी सातव्या महिन्यात आहे. लग्नाआधी मला डिप्रेशन होतं, दीड वर्ष गोळ्या होत्या, आता बंद आहेत. सासरी माहीत नाही, नवऱ्याला माहीत आहे. हे गायनॅकला सांगायचं का? मला वाटलं जुनं आहे, कशाला.

वाशीचा_डॉक्टर | रात्री ९:००

सांगायचंच. पुढच्या तपासणीलाच. आधी होऊन गेलं असेल तर पुन्हा व्हायची शक्यता जास्त असते, म्हणून आत्तापासून लक्ष ठेवायचं. तुमच्या जुन्या डॉक्टरांनाही एकदा भेटून या. आणि नवऱ्याला माहीत आहे हे फार चांगलं आहे, कुठली लक्षणं दिसली की फोन करायचा ते दोघांनी आत्ताच ठरवून ठेवा, कागदावर.

उपवनकाठची | १७ मे, रात्री १०:१५

उशीर झाला, माफ करा, इतक्या जणांनी मेसेज केले.

त्या दिवशी दिरांना सांगितलं. ते पाच मिनिटं काही बोलले नाहीत, मग तिच्या खोलीत गेले आणि दार लोटलं. तासाभराने दोघंही लाल डोळ्यांनी बाहेर आले आणि त्यांनी स्वतः सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी आधी मीठ-मोहरी उतरवून टाकली, आणि मग म्हणाल्या, दूध काढून ठेव, बाळ माझ्याकडे, आणि टाके ओढतील, रिक्षाने जाऊ नकोस. मी उगाच घाबरले होते त्यांना.

परवा गेलो. ठाण्यातल्याच डॉक्टर आहेत, बाई आहेत. तो दहा प्रश्नांचा मराठी कागद दिला तिला. मी शेजारी बसले होते. भराभर खुणा करत गेली आणि दहाव्या प्रश्नावर पेन थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी उठले आणि पाण्याच्या मशीनपाशी गेले. परत आले तेव्हा कागद दुमडून मांडीवर ठेवला होता.

डॉक्टरांनी इथे लिहिलं होतं तसंच सांगितलं, ओसीडी आणि डिप्रेशन दोन्ही, सायकोसिस नाही. लहान डोसची गोळी, दर आठवड्याला थेरपी, रक्ताचे रिपोर्ट यायचेत. तिने विचारलं, माझं बाळ काढून घेणार का, तर त्या म्हणाल्या, बाळाला तुझीच गरज आहे, म्हणून तर तुला बरं करायचंय. आणि रात्री सलग पाच तास झोप हवीच म्हणाल्या, त्यामुळे अकरा ते चार दीर सांभाळतात, काढलेलं दूध वाटी-चमच्याने.

मी कुलपाचं विचारलं, आणलंच होतं मी, पर्समध्ये होतं. तर म्हणाल्या, आता मी तिला तपासलंय म्हणून सांगते, कुलूप लावू नका.

सीवूड्स_सखी | रात्री १०:२२

म्हणजे? कुलूप नको? मीच जाळी मारा म्हटलं होतं :(

वाशीचा_डॉक्टर | रात्री १०:४५

जाळी मारा हो, मूल रांगायला लागलं की लागणारच आहे. पण ओसीडीत भीती टाळण्यासाठी जे जे करतो, दार बांधणं, बाळाला दुसऱ्याच्या हातात देणं, त्याने भीती आणखी पक्की होते. मेंदू म्हणतो, दार बंद होतं म्हणूनच वाचलं. म्हणून थेरपीत हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्याने, ते दार थोडं थोडं उघडतात. तपासणी व्हायच्या आधी सोबत राहायला सांगणं बरोबरच होतं. आणि ज्या बाईला सायकोसिस आहे किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतंय तिथे नियम वेगळा, तिथे सुरक्षितता आधी.

उपवनकाठची | २ जून, दुपारी १२:३०

पल्लवी, सखी, घणसोली_घर, तुम्ही विचारलंत म्हणून. गोळी लागू पडायला वेळ लागतो म्हणतात, अजून रडते, अजून चित्रं येतात, पण 'आली आणि गेली' असं स्वतः सांगते आता. थायरॉईड थोडा वर निघाला, त्याचीही गोळी सुरू झालीये. दाराचं घरी करायला दिलंय, रोज दुपारी, मी किंवा सासूबाई सोबत. पहिल्या दिवशी चार बोटं उघडलं, बाळ पाळण्यात, ही सोफ्याला धरून उभी, घामाने निथळत होती. घड्याळात पाच मिनिटं. आज बाळाला कडेवर घेऊन दारापर्यंत आली. खाली सोसायटीत पाण्याचा टँकर आला होता, त्याचा आवाज ऐकून बाळ मान वळवून बघायला लागलं, आणि ती दोन मिनिटं जास्त थांबली.

माई, रविवारी सकाळी अकराला येऊ का लाडू घ्यायला? तीही येते म्हणाली.

नौपाड्याची_माई | दुपारी १:१०

या. दुसऱ्या मजल्यावर आहे, जिने चढायचे आहेत, टाके जपून म्हणावं.